पडवींतील रोपवाटिका

परसांतील भाजीपाल्याचा विषय आपल्या सुशिक्षित कुटुंबांत बहुधा दोन प्रसंगीं निघतो. एक, महिनाअखेर भाजीचा हिशेब पुढें येतो तेव्हां. आणि दुसरा, घरांतील एखादी वृद्ध बाई "आमच्या वेळचीं वांगीं आतां मिळत नाहींत" असें म्हणते तेव्हां. पहिल्या प्रसंगीं आपण महागाईला दोष देतों, दुसऱ्या प्रसंगीं काळाला. वस्तुतः या दोन्ही तक्रारींवर पुष्कळ अंशीं लागू पडणारा एक उपाय आहे, आणि तो पडवीच्या चार हात जागेंत, जवळजवळ फुकट करण्यासारखा आहे. तो उपाय म्हणजे भाजीचें रोप घरांतच तयार करणें. त्याची रीत काय, आणि ती रीत जाणण्यापासून काटकसरीहून मोठा असा कोणता लाभ आहे, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल वेंगुर्लें तालुक्यांतील शिरोडा गांव घेऊं. समुद्राचा कांठ, माडांच्या बागा, भाताचे कुणगे, जांभ्याची तांबडी माती, आणि १९३० सालच्या मिठाच्या सत्याग्रहामुळें देशभर नांव झालेलीं मिठागरें. या किनाऱ्यावर वर्षाकाठीं अडीच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि त्यांतील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. एवढें पाणी जेथें आकाशांतून फुकट मिळतें, तेथेंच ऐन पावसाळ्यांत टोमॅटो, कोबी व वांगीं यांची वाट मात्र बेळगांवाकडे पाहत बसावी लागते. आंबोलीच्या घाटांत दरड कोसळली कीं बाजारांतील टोपल्या रिकाम्या होतात व उरलेल्या मालाचा भाव चढतो. हा विरोधाभास केवळ आळसांतून उत्पन्न झालेला नाहीं. उघड्या वाफ्यांत टाकलेलें बारीक बीं पहिल्या जोरदार सरीबरोबर वाहून जातें; उरतें तें साचलेल्या पाण्यांत कुजतें; आणि त्यांतूनही जें तगतें, त्याचा कोवळा कोंब गोगलगाई एका रात्रींत फस्त करतात. दोन वर्षें असा अनुभव आला कीं मनुष्य कुदळ ठेवून पिशवी उचलतो, यांत नवल नाहीं.

युरोप-अमेरिकेंत घरांत रोपें करण्याची चाल जुनी आहे. तेथें तिचें कारण हिम. वसंत ऋतूंतही रात्रीं दंव गोठतें, म्हणून लोक खिडकीशीं किंवा विजेच्या ऊबदार तक्त्यावर बीं रुजवितात व थंडी सरल्यावर बाहेर लावतात. तिकडील सूचना वाचून आपल्याकडील कित्येकांची समजूत होते कीं तापविण्याचे तक्ते, विजेचे विशेष दिवे व सांच्यांत ओतलेलीं तबकें यांवांचून हें काम होणें नाहीं. आपल्याकडे यांतील एकाचीही गरज नाहीं. मिरचीचें बीं उगवण्यास जी २५ ते ३० अंशांची ऊब लागते, ती कोंकणांतील पडवींत भर पावसांतही असते. आपल्या बियांना ऊब नको आहे. त्यांस छप्पर हवें आहे. शिवाय रोप एका ठिकाणीं करून दुसरीकडे लावणें ही कल्पना आपल्यास नवी मुळींच नाहीं. भाताचा तरवा पेरून, तो काढून, चिखलांत लावण्याचें काम कोंकणांतील मुलेंही जाणतात. तोच विचार भाजीस लावावयाचा, इतकेंच.

शिरोड्यासारख्या गांवीं या कामाचे दोन हंगाम संभवतात. पहिला मे महिन्याच्या शेवटीं, रोहिणी नक्षत्र लागतांना. त्या वेळीं पडवळ, दोडकें, कारलें, तवसें, दुधी व भोपळा यांच्या बिया पडवींत लावाव्या. म्हणजे मृगाच्या सरींनीं जमीन निवते तोंवर दोनतीन खऱ्या पानांचें सशक्त रोप हाताशीं असतें. दुसरा हंगाम गणेशचतुर्थीनंतरचा. बाहेर पाऊस अजून चालू असतो, परंतु ऑक्टोबरच्या मध्यास तो बहुधा माघार घेतो. भाद्रपदांत वांगीं, मिरची, टोमॅटो व कोबी यांचीं रोपें छपराखालीं वाढवावीं, म्हणजे पाऊस उघडतांच तीं वाफ्यांत जातात. जो पाऊस सरल्यावर बीं पेरूं लागतो, त्याचा एक संपूर्ण महिना व्यर्थ जातो. मुळा, तांबडी भाजी, भेंडी व चवळी यांस मात्र हा खटाटोप करूं नये. यांचें बीं जागच्या जागींच पेरावें. विशेषतः मुळ्याचें मूळ एकदां दुखावलें कीं तो वेडावांकडा फुटतो.

आतां भांड्यांविषयीं. नारळाच्या करट्या आपल्याकडे रोज निघतात. डोळा असलेली अर्धी करटी घेऊन मऊ डोळ्यांतून खिळा पार केला, कीं पाणी निथळणारी टिकाऊ कुंडी तयार झाली. जुनी, विरलेली रोवळी तर बारीक बियांसाठीं उत्कृष्ट, कारण तींत पाणी साचूं शकतच नाहीं. वेलवर्गाचीं मुळें हालविलेलीं सहन करीत नाहींत. म्हणून त्यांच्यासाठीं वर्तमानपत्राचा कागद पेल्याभोंवतीं दुहेरी गुंडाळून, तळाशीं दुमडून, द्रोणासारखे पेले करावे आणि पुढें कागदासकट ते जमिनींत पुरावे. कागद कुजून मातीस मिळतो व मुळाला धक्का लागत नाहीं. दुधाच्या रिकाम्या पिशव्याही तळाशीं भोंकें पाडून चालतात. बाजारांतून विकत आणावें असें या यादींत कांहींच नाहीं.

मातीच्या बाबतींत मात्र दक्षता हवी. चाळलेली तांबडी माती, पूर्ण कुजलेलें शेणखत आणि काथ्याचा भुसा हीं समभाग घ्यावीं. समुद्रकांठच्या गांवीं येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. नारळाचीं सोडणें पुष्कळदां खाडीच्या पाण्यांत कुजविलेलीं असतात आणि त्यांच्या भुशांत मीठ उतरलेलें असतें. मीठ कोवळ्या मुळांतील पाणी ओढून घेतें. मग माती ओली असूनही रोप तहानेनें मरतें. तो भुसा गोड्या पाण्यांत तीन वेळां भिजवून पिळून घ्यावा. पुळणीवरची वाळू त्याच कारणानें वर्ज्य. वाळू हवीच तर व्हाळांतील घ्यावी. शंका असल्यास मुळ्याचे दहा दाणे त्या मातींत टाकून पाहावे. चारपांच दिवसांत ते हिरवेगार वर आले तर माती निर्दोष समजावी. दुसरी गोष्ट अशी कीं ज्या वाफ्यांत वांग्याचीं वा टोमॅटोचीं उभीं झाडें पूर्वी एकाएकीं माना टाकून वाळलीं असतील, तेथील माती घेऊं नये. हा मर रोग जंतुजन्य असून कोंकणच्या आम्ल, दमट जमिनींत तो वर्षानुवर्षें टिकून राहतो.

मिश्रण तयार झालें कीं त्यावर कढत पाणी ओतून तें निवूं द्यावें. यानें पुष्कळशा बुरशा व किडींचीं अंडीं नष्ट होतात.

पेरण्यापूर्वी बियांची परीक्षा करावी. दहा बिया ओल्या फडक्यांत गुंडाळून उबदार जागीं ठेवाव्या. आठांस मोड आले तर बीं उत्तम. पांचांस आले तर दुप्पट दाट पेरावें. दोनांसच आले तर तें बीं टाकून द्यावें. कारल्याची व पडवळाची बी जाड सालीची असते, म्हणून ती रात्रभर कोमट पाण्यांत भिजवावी. बी आपल्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जावी, अधिक नाहीं. टोमॅटो साधारण पांच ते आठ दिवसांत, वांगें सात ते बारा दिवसांत आणि मिरची आठ ते चौदा दिवसांत उगवते. मिरचीच्या बाबतींत उतावळा मनुष्य दहाव्या दिवशीं माती उकरून पाहतो व तिचा नाश करतो.

उगवल्यानंतरचे पहिले दहा दिवस फार नाजूक. संध्याकाळीं ताठ उभीं असलेलीं रोपें सकाळीं मातीलगत काळीं पडून आडवीं झालेलीं दिसतात. पिथियम वगैरे बुरशींचें हें कृत्य असतें, आणि दाट पेरणी, साचलेलें पाणी व कोंडलेली हवा यांवर त्या पोसतात. यास्तव पाणी सकाळींच द्यावें आणि मातीचा वरचा थर सुकलेला दिसल्याखेरीज देऊं नये. करट्या परातींत ठेवून परातींत अर्धा इंच पाणी घातलें, तर त्या खालून हवें तेवढें शोषून घेतात. पाव तासानें उरलेलें पाणी ओतून टाकावें. रोपें दाट उगवलीं असतील तर दुबळीं कातरीनें कापून विरळ करावीं. कृषि-सेवा केंद्रांत मिळणारी ट्रायकोडर्मा नांवाची उपकारक बुरशी मातींत चिमूटभर मिसळल्यास या रोगास चांगला अटकाव होतो.

प्रकाशाचा प्रश्न श्रावण-भाद्रपदांत विशेष उपस्थित होतो. अंधाऱ्या माजघरांत ठेवलेलें रोप प्रकाशाच्या शोधांत लांबत जातें व काडीसारखें पिवळें होतें. तें पडवीच्या कडेस, पागोळ्यांच्या माऱ्यापासून हातभर आंत, परंतु आकाश दिसेल अशा जागीं असावें. पाठीमागें चुन्यानें पांढरी केलेली फळी उभी केली, तर तिच्यावरून उजेड परततो व रोप एकीकडे झुकत नाहीं. दर दिवशीं करटी थोडी फिरवावी. रोज एकदां रोपांच्या माथ्यावरून हलका हात फिरविला असतां खोड ठेंगणें व बळकट होतें, असेंही वनस्पतिशास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. हें काम घरांतील लहान मुलांस द्यावें. तीं तें मोठ्या आनंदानें करतात.

मुंग्या व गोगलगाई यांपासून रक्षणासाठीं फळी चौपाईवर ठेवून तिच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवाव्या. त्या पाण्यांत डांस होऊं नयेत म्हणून तें दर दोन दिवसांनीं बदलावें. उंदरांचा उपद्रव असेल तर करट्या शिंक्यांत टांगाव्या.

टोमॅटो व कोबी यांचें रोप पंचवीस ते तीस दिवसांचें, वांग्याचें पांच-सहा आठवड्यांचें व मिरचीचें त्याहून थोडें मोठें झालें कीं लावण्याजोगें होतें. तथापि पडवींतून तें एकदम उन्हांत नेऊं नये. पहिल्या दिवशीं सकाळचें तासभर ऊन, दुसऱ्या दिवशीं दोन तास, असें वाढवीत आठवडाभरांत त्यास दिवसभराची संवय करावी. लावणी संध्याकाळीं करावी व पहिले दोनतीन दिवस वर माडाच्या झावळीची सावली धरावी. दहाबारा माणसांच्या कुटुंबास वांग्याचीं पंधरा, टोमॅटोचीं वीस व मिरचीचीं दहा झाडें, आणि पडवळ, दोडकें, कारलें यांचे तीन-तीन वेल पुष्कळ होतात. एवढ्यासाठीं रोजचा पाव तास पुरतो, आणि एकत्र कुटुंबांत तो एकट्या सुनेच्या माथीं मारण्याचें कारण नाहीं. करट्या तयार करणें मुलांकडे, पाणी आजोबांकडे, आणि लावणी ज्याच्या मनगटांत जोर त्याच्याकडे असावी.

येथवर काटकसरीचा विचार झाला. परंतु एक खर्च दरवर्षीं उरतोच, तो बियांच्या पुडीचा. त्या पुडीवर 'संकरित' असें लिहिलेलें असेल, तर तिच्यांतून आलेल्या फळाचें बीं पुढील वर्षीं पेरण्यांत फारसा अर्थ नसतो. दोन भिन्न वाणांच्या संयोगानें झालेली पहिली पिढी एकसारखी व जोमदार असते; तिच्या संततींत मात्र आजा-पणजांचे गुण पुन्हां वेगवेगळे होऊन प्रकट होतात. ग्रेगोर मेंडेल यानें वाटाण्यावर केलेल्या व १८६६ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनीं हाच नियम जगापुढें ठेवला. संकरित बीं वाईट आहे असें नव्हे. अधिक उत्पन्नासाठीं शेतकरी तें घेतात व त्यांस तें परवडतें. पण घरच्या परसासाठीं देशी किंवा सरळ सुधारित वाण घ्यावें, म्हणजे पुडी एकदांच विकत घ्यावी लागते. १९७२ सालीं स्थापन झालेल्या दापोलीच्या कोंकण कृषि विद्यापीठानें काढलेली 'शीतल' काकडी व 'कोकण तारा' कारलें हीं कोंकणच्या हवेंत चांगलीं येतात. आणि शेजारच्या घरीं तीन पिढ्यांचें वांगें असेल, तर त्याहून उत्तम कांहींच नाहीं.

बीं धरण्याची रीत सोपी आहे. उत्तम झाडावरचें एक फळ पूर्ण पिकेपर्यंत काढूं नये. वांगें पिवळें पडावें, मिरची लाल होऊन सुकावी, दोडकें वेलावरच खडखडीत वाळावें. टोमॅटोचा गर पाण्यांत दोन दिवस आंबवून धुतला कीं बीं सुटें होतें. वेलवर्गांत एका जातीच्या दोन वाणांचा पराग एकमेकांस लागून भेसळ होते; यासाठीं उद्यां उमलणारी नर व मादी कळी आदल्या दिवशीं दोऱ्यानें बांधून ठेवावी, उमलण्याच्या वेळीं नराचा पराग मादीस लावावा व मादी पुन्हां बांधावी. भोपळा व काकडी सकाळीं उमलतात, दोडकें व दुधी संध्याकाळीं. घरच्या बियांपासून आलेली दुधी वा काकडी कडू लागली तर ती मुळींच खाऊं नये व तिचा रस घेऊं नये. त्या कडूपणांत विष असतें. असें बींही धरूं नये.

बीं टिकविण्याविषयीं आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ विचार केला होता. वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत बीं दहा दिवस दुधांत ठेवावयास सांगितलें आहे. दुधाचे आजचे भाव पाहतां तो विधि राजवाड्यांतील उद्यानांसाठींच सोडून द्यावा हें बरें. कृषिपराशर या ग्रंथांतील सल्ला अधिक संसारी आहे. माघ-फाल्गुनांत बीं गोळा करून उन्हांत नीट वाळवावें, तें एकजात असावें, आणि त्यास मिठाचा संसर्ग होऊं देऊं नये, असा त्याचा आशय आहे. कोंकणांतल्या बायका तवशाचें बीं राखेंत घोळून भिंतीस थापीत किंवा पिकलें दोडकें चुलीवरच्या आढ्यास टांगीत, यामागें हेंच शास्त्र होतें. राख ओल शोषते व धूर किडीस दूर ठेवतो. आतां चूल गेली, तेव्हां घट्ट झांकणाची कांचेची बरणी घ्यावी, तळाशीं भाजून निवविलेले मूठभर तांदूळ घालावे, आणि त्यावर वाणाचें नांव व साल लिहिलेल्या कागदी पुड्या ठेवाव्या.

इतकें करूनही बीं अमर नाहीं. कांद्याचें बीं एकदोन वर्षांत निकामी होतें. मिरची व भेंडी दोनतीन वर्षें, वांगें, टोमॅटो व वेलवर्ग चारपांच वर्षें, आणि दमट हवेंत याहूनही कमी. सोनें पेटींत ठेवून पिढ्यानुपिढ्या राहतें. बीं राहत नाहीं. त्याची स्थिति पाठांतरासारखी आहे. जो मंत्र रोज म्हटला जातो तो टिकतो, जो मनांत जपून ठेवला तो एके दिवशीं आठवत नाहीं. ज्या घरचीं मुलें पोटासाठीं मुंबई-पुण्यास जातात आणि ज्या घरीं चार वर्षें वाफा रिकामा राहतो, त्या घरचें वांगें कायमचें जातें. वृद्ध बाईची तक्रार खरी आहे ती या अर्थानें. काळानें तें वांगें नेलें नाहीं. आपण तें पेरलें नाहीं.

या कामासाठीं विद्वत्तेची अट नाहीं. अकोलें तालुक्यांतील कोंभाळणें गांवच्या राहीबाई पोपेरे कधीं शाळेंत गेल्या नाहींत. परंतु त्यांनीं देशी भाज्या व धान्यें यांच्या वाणांचें बीं गोळा केलें, पेरून जिवंत ठेवलें व इतरांस वाटलें. २०२० सालीं त्यांस पद्मश्री जाहीर झाली. दुसरें उदाहरण दूर देशचें व करुण आहे. दुसऱ्या महायुद्धांत लेनिनग्राडला जर्मन सैन्याचा वेढा पडला असतां तेथील वनस्पतिसंस्थेंतील कित्येक शास्त्रज्ञ धान्याच्या पोत्यांशेजारीं उपासमारीनें मेले, पण पुढच्या पिढ्यांसाठीं राखलेल्या त्या बियांस त्यांनीं हात लावला नाहीं. आपल्यापुढें असा कठोर प्रसंग नाहीं. आपल्याला केवळ एक करटी, ओंजळभर माती आणि रोज पाव तास द्यावयाचा आहे. भारताच्या २००१ सालच्या पीकवाण-संरक्षणाच्या कायद्यानेंही बीं राखण्याचा, पेरण्याचा व परस्परांत देण्याघेण्याचा शेतकऱ्याचा हक्क मान्य केला आहे.

तेव्हां घरांतील वडील माणसांस विचारावें कीं कोणत्या भाजीची चव त्यांस अजून आठवते, आणि तिचें बीं नात्यांत वा शेजारीं कोणाकडे असेल. कोठें दहा दाणे मिळाले तरी पुरे आहेत. पांच पेरावे, पांच राखावे. आणि फळ धरल्यावर पहिली पुडी ज्यांच्याकडून बीं आलें त्यांच्याच घरीं परत द्यावी. एका घरीं बीं बुडालें तर दुसऱ्या घरीं सांपडावें, यासाठीं याहून स्वस्त व खात्रीची पेढी दुसरी नाहीं.